दूरध्वनीवरून मोफत कायदेविषयक सल्ला : मुदतीच्या आत विचारा

शेतीत वेळेला किती महत्त्व आहे, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. वापसा असताना पेरणी झाली नाही, तर पुढे कितीही खत घातले तरी तो तोटा भरून निघत नाही. कायद्याच्या कामातही असाच एक हंगाम असतो. त्याला मुदत असे म्हणतात. मुदत टळली की खरा हक्कही दाखवणे अवघड होऊन बसते. कित्येक कुटुंबांची बाजू न्यायाची असूनही केवळ योग्य वेळी योग्य माणसास न विचारल्यामुळे ती पडते. वकिलाची फी परवडत नाही, तालुक्यास जाण्यात दिवसाची मजुरी बुडते आणि कोर्टाची भीती वाटते, अशी कारणे त्यामागे असतात. ही तिन्ही कारणे पुष्कळ अंशी दूर करील अशी सोय आता उपलब्ध आहे. ती म्हणजे दूरध्वनीवरून मिळणारा मोफत कायदेविषयक सल्ला. तिची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव आहे. तहसील कचेरी जाफराबादेस आणि जिल्हा न्यायालय जालन्यास. एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी माणसाला हातचे काम टाकून एवढी वाट धरावी लागे. तेथे गेल्यावर कोणत्या दारी जावयाचे हेही पुष्कळांना ठाऊक नसे. आज घरोघरी भ्रमणध्वनी आहे. पिकावरील किडीसंबंधी किसान कॉल सेंटरला फोन करणारे शेतकरी गावात आहेत. तशाच रीतीने बांधाच्या, रस्त्याच्या किंवा वारसाच्या प्रश्नावर वकिलाचा सल्लाही विचारता येतो, हे मात्र थोड्यांनाच माहीत आहे.

ही सोय कोणत्या कायद्याने मिळाली?

गरिबाला वकील मिळावा, हा विचार नवा नाही. इंग्लंडात १९४९ साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी मुंबई राज्यात न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. पुढे १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने भारताच्या संविधानात अनुच्छेद ३९-अ घालण्यात आला. आर्थिक किंवा अन्य अडचणीमुळे कोणीही नागरिक न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी राज्याने मोफत विधी साहाय्य पुरवावे, असा त्याचा आशय आहे. त्याला अनुसरून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा कायदा झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. म्हणूनच दरवर्षी ९ नोव्हेंबर हा दिवस विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या कायद्याप्रमाणे देशपातळीवर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, राज्यात महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या ठिकाणी तालुका विधी सेवा समिती अशी रचना आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. आपल्या भागासाठी हे कार्यालय जालना येथे न्यायालयाच्या आवारात आहे. ही मदत कोणाची मेहेरबानी नव्हे. कायद्याने दिलेला तो हक्क आहे आणि तो मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

मोफत वकील कोणास मिळतो?

कायद्याच्या कलम १२ मध्ये पात्र व्यक्तींची यादी दिली आहे. ती पुढीलप्रमाणे :

१. अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीच्या व्यक्ती.
२. स्त्रिया व बालके. स्त्रीचे उत्पन्न कितीही असो, ती पात्र आहे.
३. अपंग व्यक्ती.
४. पूर, अवर्षण, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेल्या व्यक्ती.
५. मानवी व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी.
६. औद्योगिक कामगार.
७. अटकेत किंवा कोठडीत असलेल्या व्यक्ती.
८. ज्यांचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे अशा व्यक्ती. महाराष्ट्रात ही मर्यादा ३ लाख रुपये आहे.

उत्पन्नाबाबत अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानले जाते. या मदतीत वकिलाची फी, कोर्ट फी, अर्ज व दावा तयार करण्याचा खर्च, नकलांचा खर्च आणि कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्च येतो. मराठवाड्यात ही शेवटची बाब विशेष उपयोगाची आहे. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जमिनीचे जुने कागद पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत सापडतात. ते वाचून घेण्याचा खर्च अंगावर पडेल म्हणून कोणी हक्क सोडू नये.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या कायद्यातील ‘न्यायालय’ या शब्दात दिवाणी व फौजदारी न्यायालयांबरोबर महसूल न्यायालयेही येतात. म्हणजे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्यापुढे न्यायाच्या स्वरूपाने चालणाऱ्या प्रकरणातही मोफत विधी साहाय्य मागता येते. शेतकऱ्यांची बहुतेक प्रकरणे याच कचेऱ्यांत चालतात.

दूरध्वनी कोठे व कसा करावा?

यासाठी दोन क्रमांक लक्षात ठेवावेत.

१५१०० : हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. येथे विधी साहाय्याची माहिती मिळते आणि अर्ज कोठे व कसा करावयाचा हे सांगितले जाते.

१४४५४ : हा भारत सरकारच्या न्याय विभागाच्या टेली-लॉ योजनेचा क्रमांक आहे. ही योजना २०१७ साली सुरू झाली. प्रथम काही वर्गांनाच ती मोफत होती व इतरांस ३० रुपये द्यावे लागत. २०२२ पासून टेली-लॉचा सल्ला सर्वांनाच मोफत करण्यात आला. या योजनेत नेमलेला वकील दूरध्वनीवर किंवा चित्रफोनवर प्रत्यक्ष बोलतो. ज्यांना स्वतः फोन करणे जमत नाही, त्यांनी सामाईक सेवा केंद्रात जावे. केंद्रचालक नाव व प्रश्न नोंदवून घेतो, बोलण्याची वेळ ठरवून देतो व वकिलाशी गाठ घालून देतो.

दोन्ही क्रमांकांस पैसे पडत नाहीत. फोन लागताच प्रथम जिल्हा व तालुका सांगावा. टेंभुर्णी नावाचे मोठे गाव सोलापूर जिल्ह्यातही आहे. म्हणून ‘टेंभुर्णी, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना’ असा पूर्ण पत्ता द्यावा. नाहीतर प्रकरण भलत्याच जिल्ह्याकडे नोंदले जावयाचे.

फोन करण्यापूर्वी कागद जवळ घेऊन बसावे. वकिलास समोरचा माणूस दिसत नाही, त्याचे शेत तर मुळीच दिसत नाही. त्याला जे सांगाल त्यावरच त्याचा सल्ला अवलंबून राहणार. गट क्रमांक, सात-बारा, आठ-अ, मिळालेली नोटीस किंवा आदेश आणि त्यावरील तारीख एवढे हाताशी असावे. घटना कोणत्या दिवशी घडली आणि नोटीस कोणत्या दिवशी हाती आली, या दोन तारखा वेगळ्या सांगाव्यात. गाऱ्हाणे मोठे असले तरी आरंभी ‘मला अमुक विचारावयाचे आहे’ असा एकच प्रश्न मांडावा. मिळालेला सल्ला वहीत लिहून घ्यावा आणि तो परत वाचून दाखवून खात्री करून घ्यावी.

नित्याचे चार प्रसंग

_पहिला : शेतरस्ता अडवला._ मृगाच्या तोंडावर शेजाऱ्याने वहिवाटीच्या रस्त्यावर काट्या टाकल्या किंवा चर खणला, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. चालू वहिवाटीचा रस्ता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते. वरच्या शेतातून नैसर्गिकरीत्या वाहून येणारे पाणी अडवल्याने नुकसान होत असेल, तरीही हेच कलम लागू पडते. मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. ‘गावात मिटेल’ म्हणून दिवाळी आणि मग संक्रांत उलटू दिली, तर हा सोपा मार्ग बंद होतो. याउलट शेतात जाण्यास पूर्वीपासून रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागावयाचा असतो. हे दोन अर्ज भिन्न आहेत. चुकीचा अर्ज केला तर तो फेटाळला जातो आणि दरम्यान मुदत निघून जाते. कोणता अर्ज करावयाचा, एवढा एक प्रश्न जरी फोनवर विचारला तरी कित्येक महिने वाचतील.

_दुसरा : वारसनोंद._ घरातील कर्ता पुरुष गेला की सात-बारावर मुलांची नावे लागतात. विधवेचे व मुलींचे नाव राहून जाते, किंवा राहू दिले जाते. कायद्याने पत्नी, मुलगे, मुली व आई हे हिंदू पुरुषाचे पहिल्या वर्गातील वारस आहेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क निःसंदिग्ध शब्दांत मान्य केला. फेरफाराची नोटीस निघाली असता साधारणतः १५ दिवसांत हरकत घेता येते. हरकत लेखी द्यावी व पोच घ्यावी. नोंद मंजूर झालीच, तर त्यावर सामान्यतः ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. फेरफार हा मालकीचा अंतिम निर्णय नव्हे, हेही जाणून असावे. तथापि हक्कसोडपत्र नोंदवून दिले, तर मात्र गोष्ट कठीण होते. तेराव्याच्या गर्दीत किंवा बँकेच्या कामासाठी म्हणून पुढे केलेल्या कागदावर अंगठा करण्यापूर्वी एक फोन करावा. सहीच्या आधी विचारलेला प्रश्न पाच मिनिटांचा असतो. सहीनंतर तोच प्रश्न कित्येक वर्षांचा दावा होऊन बसतो. स्त्रीला हे साहाय्य उत्पन्नाची अट न लावता मिळते, हे वर सांगितलेच आहे.

_तिसरा : सावकारी._ दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या अडचणीत परवाना नसलेल्या माणसाकडून कर्ज घ्यावयाचे आणि तारण म्हणून जमिनीचे खरेदीखत लिहून द्यावयाचे, हा प्रकार अद्याप नाहीसा झालेला नाही. कर्ज फेडल्यावर जमीन परत करीन असे तोंडी सांगितलेले असते. कागद मात्र विक्रीचा असतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ प्रमाणे अशा व्यवहाराची चौकशी करून जमीन परत देण्याचा आदेश करण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांस आहे. तक्रारीच्या आधीच्या १५ वर्षांतील व्यवहार त्यात पाहता येतात. पैसे कधी व कसे दिले-घेतले, व्याज कोणासमक्ष दिले, खरेदीखतानंतरही जमीन कोण कसत होते, याचा पुरावा येथे महत्त्वाचा असतो. तो कसा मांडावा हे वकिलास विचारूनच अर्ज लिहावा.

_चौथा : सदोष बियाणे._ जालना जिल्हा बियाणे उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. तरीही कोणत्याही गावी उगवण न होण्याचा किंवा भेसळीचा प्रसंग येऊ शकतो. अशा वेळी पावती, पिशवी, तिच्यावरील लेबल व शिल्लक बियाणे जपून ठेवावे आणि पीक शेतात उभे असतानाच कृषी विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी करते व अहवाल देते. शेत मोडून दुबार पेरणी केल्यावर समितीस पाहावयास काही उरत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि खरेदीची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तेथे फी पडत नाही. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात दिला आहे. अहवाल, पावत्या व नुकसानीचा हिशेब यांची तक्रार कशी बांधावी, हे दूरध्वनीवर विचारता येईल.

दूरध्वनीने काय होत नाही?

या सोयीविषयी भलती आशाही धरू नये. फोनवरचा वकील सल्ला देतो. निकाल देत नाही. त्याने सांगितले म्हणून शेजारी काट्या काढीलच असे नाही. केवळ फोन केल्याने दावा दाखल होत नाही व मुदतही थांबत नाही. लेखी अर्ज योग्य कचेरीत देऊन पोच घेतली, तेव्हाच मुदतीत काम झाले असे समजावे. कोर्टात जाण्याची गरज असेल, तर जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे विधी साहाय्याचा अर्ज करावा लागतो. अर्जात प्रथमदर्शनी तथ्य आहे असे दिसल्यास वकील नेमून दिला जातो. या वकिलास प्राधिकरणाकडून मानधन मिळते. त्याने पक्षकाराकडे पैसे मागावयाचे नसतात. कोणी मागितल्यास प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करावी. त्याचप्रमाणे सल्ला देण्याच्या निमित्ताने बँकेचा गुप्त क्रमांक किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी विचारणारा माणूस हा विधी सेवेचा नव्हे, हे पक्के समजावे. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र सल्ल्याची वाट न पाहता ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे.

पुष्कळ तंटे लोकअदालतीत मिटू शकतात. दोन्ही पक्षांच्या संमतीने तेथे तडजोड होते, चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. मात्र या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीचा मसुदा संपूर्ण वाचून घेऊन, मोजमाप व हद्दी नीट समजून घेऊन मगच सही करावी. भावकीच्या भिडेखातर केलेली सही पुढे पस्तावा देते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

ही सोय गावापर्यंत पोचवणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या हाती आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

ग्रामपंचायत, सोसायटी, कृषी सेवा केंद्र व शाळा यांच्या भिंतीवर १५१०० व १४४५४ हे क्रमांक ठळक अक्षरांत लिहून घ्यावेत. शेतीशाळा व ग्रामसभा यांत वर दिलेल्या मुदती वाचून दाखवाव्यात. बचत गटाच्या बैठकीत वारसनोंदीचा व हक्कसोडपत्राचा विषय आवर्जून काढावा. कोणी तक्रार घेऊन आला असता प्रथम त्याच्या कागदावरील तारीख पाहावी, मुदतीचा शेवटचा दिवस त्यास लिहून द्यावा आणि त्याच्यासमोरच फोन जोडून द्यावा. आपण स्वतः वकिली करू नये. ‘माझ्या मते तुमचे प्रकरण पडेल’ असा अभिप्राय अधिकारी माणसाच्या तोंडून गेला की गरीब मनुष्य तेथेच थांबतो.

फोनवर बोलणारी व्यक्ती स्त्री असेल, तर तिला एकटीला मोकळेपणाने बोलू द्यावे. तिच्या वतीने दीराने किंवा भावाने बोलण्यात पुष्कळदा तिचाच प्रश्न दडपला जातो. ऐकलेली गोष्ट चावडीवर बोलू नये. एकदा विश्वास गेला की दुसरे कोणी पुढे येत नाही.

शेतकरी बंधूंनो व भगिनींनो, आपण पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासून पाहतो आणि रोग दिसताच कृषी अधिकाऱ्यास विचारतो. जमिनीच्या हक्काबाबतही तीच सवय लावून घ्यावी. कागद हाती आला की त्यावरील तारीख पाहावी, सही करण्यापूर्वी विचारावे आणि विचारल्यावर लेखी अर्ज देऊन पोच जपून ठेवावी. फोनचे हे दोन्ही क्रमांक आजच सात-बाराच्या मागील बाजूस लिहून ठेवावेत, म्हणजे गरज पडेल त्या दिवशी ते शोधावे लागणार नाहीत.